निवृत्तीनंतरची ताकद: आधी खुर्ची, मग चालणं, कॅप्सूल सगळ्यात शेवटी

[टेबलावर कॅप्सूलची बाटली. शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली, हात नसलेली खुर्ची.]

नमस्कार. नोकरी संपली, वेळ मोकळा झाला आणि आता तब्येतीकडे बघायचं ठरलं, की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. सकाळी फिरायला जाऊ लागतात आणि फळांच्या अर्काची अशी एक बाटली घरी आणतात. फिरणं उत्तमच. पण साठीनंतर जी गोष्ट सगळ्यात वेगानं हातची जाते, ती या दोन्हींनी परत येत नाही. ती म्हणजे पायांतली ताकद.

आधी बाटलीचा हिशेब करून टाकू. रोज दोन कॅप्सूल आणि प्रत्येकीत ७५० मिलिग्रॅम पावडर असं धरू. म्हणजे दिवसाला दीड ग्रॅम. ताज्या फळात साधारण ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम फळ सुकवलं की १५ ग्रॅम उरतं. उलटा हिशेब केला तर दीड ग्रॅम पावडर म्हणजे १० ग्रॅम फळ. एक छोटा घास! लेबलवर चित्रं डझनभर फळांची असली तरी त्या सगळ्यांत मिळून वाटा एका घासाचाच. आणि सबंध कॅप्सूलचं वजनच एवढं, तर त्यात फायबर किती असणार? सालीसकट खाल्लेल्या एका मध्यम सफरचंदातून चार ग्रॅमच्या आसपास फायबर मिळतं. बाटली आता बाजूला. तिचं दुसरं एक काम आहे, त्याबद्दल पुढे बोलू.

[खुर्चीकडे]

खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटिमीटर. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा, म्हणजे खुर्ची सरकणार नाही. मधोमध बसा, दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठला असाल तर तो एक धरा. उठायला हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. कडक नियम आहे, पण चाचणीत तसाच आहे.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या तक्त्याप्रमाणे ६० ते ६४ वयाच्या पुरुषांचा आकडा १४ पेक्षा कमी आणि स्त्रियांचा १२ पेक्षा कमी आला, तर तो सरासरीच्या खाली. ६५ ते ६९ साठी १२ आणि ११. सत्तर ते ७४ साठी १२ आणि १०. पंच्याहत्तर ते ७९ साठी ११ आणि १०. याच्या खाली असाल तर पडण्याचा धोका जास्त, आणि पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही खालच्या सोफ्यावरून उठताना हात का टेकावे लागतात? स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. सावकाश, खूप वेळ काम करणारे आणि झटक्यात जोर लावणारे. वय वाढतं तसे झटक्याचे तंतू आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरणारे नेमके हेच. चालण्यात त्यांना फारसं काम नसतं, त्यामुळे नुसत्या चालण्याने ते टिकत नाहीत.

वय झालं, आता काय होणार, असं वाटत असेल तर एक जुना अभ्यास सांगते. १९९० साली मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी नर्सिंग होममधल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

तर व्यायाम. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. पाचच प्रकार, पण नीट.

पहिला, खुर्चीवरून उठणं. यातच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सावकाश बघू. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात या. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, खांद्याएवढं अंतर. आता कमरेतून पुढे झुका, नाक पावलांच्या बोटांवर येईपर्यंत, आणि मग उठा. बरेच जण पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला जातात. वजन मागेच राहतं, धपकन परत बसायला होतं आणि मग वाटतं पायात दमच नाही. दम असतो, वजन पुढे आलेलं नसतं. उठताना चपळाईने, एका सेकंदात. बसताना तीन सेकंद मोजत, कारण खाली येताना स्नायूवर पडणारा ताणही ताकद वाढवतो. गुडघे आत वळत असतील तर दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखलं तर बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, जमायला लागलं की उशी काढा.

आठ वेळा, दोन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. सेट संपताना अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटलं पाहिजे. अजून दहा वेळा सहज जमलं असतं तर व्यायाम हलका पडतोय. आठाचे हळूहळू बारा करा. बारा सोपे झाले की छातीशी दोन किलोची पिशवी धरून परत आठावर या. वजन न वाढवता वर्षभर तेच करत राहिलं तर सवय टिकते, ताकद तिथेच थांबते.

दुसरा, भिंतीवरचे जोर. हात खांद्यांच्या उंचीवर, पाय भिंतीपासून दोन-अडीच फूट, अंग फळीसारखं सरळ. सोपे झाले की स्वयंपाकघरातल्या भक्कम ओट्यावर हात ठेवून करा. तिसरा, इलॅस्टिक बँड दाराच्या मजबूत कडीला अडकवून कोपर मागे ओढणं. बँडला बारीक चिरा दिसल्या तर फेकून द्या, तुटला की चेहऱ्यावर येतो. चौथा, ओट्याला धरून टाचा उचलणं, वर दोन सेकंद थांबून. पाचवा, कठड्याला धरून एकाच पायरीवर चढणं-उतरणं, आधी एका पायाने सगळे, मग दुसऱ्या.

तोलाचा सराव मात्र रोज करा, तीन मिनिटं पुरतात. ओट्याजवळ उभं राहून एक पाऊल दुसऱ्याच्या बरोबर पुढे, टाच अंगठ्याला चिकटवून. दहा सेकंद जमलं की मान हळू डावी-उजवी वळवा, मग एका पायावर. हात ओट्याच्या वर तरंगते ठेवा, धरायचे फक्त तोल गेला तर.

आता बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त श्वासात. जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो. उठताना मोठ्याने आकडा म्हणा, श्वास आपोआप बाहेर पडतो. दुसरं दुखणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर काळजी नको. पण सांधा व्यायामानंतर दोन तासांहून जास्त दुखत राहिला, तर पुढच्या वेळी त्या व्यायामाचं प्रमाण कमी करा. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर वाकून पायाचे अंगठे धरणं आणि पाठीवर झोपून पोटाचे व्यायाम नकोत. पुढे वाकताना मणक्यांच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि ठिसूळ मणका दबू शकतो.

बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घड्याळावरच्या ठोक्यांवर जाऊ नका, त्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम योग्य. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर साखर उतरू शकते, आपली वेळ आणि डोस डॉक्टरांशी बोलून ठरवा. छातीत दाब, भोवळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही झालं की तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

चालण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. भरभर म्हणजे किती, तर मिनिटाला साधारण १०० पावलं. सुरुवात दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. साठीनंतर सहा ते आठ हजारांच्या पुढे आयुष्यमानाचा फायदा फारसा वाढताना दिसत नाही.

खाण्यात पहिलं लक्ष प्रथिनांकडे. उतारवयात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधला जातो, म्हणून किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम लागतात. ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ८० ग्रॅम, आणि तेही एकाच जेवणात नाही, दर जेवणाला पंचवीसेक. गाडी अडते ती न्याहारीला. चहा, टोस्ट आणि फळं म्हणजे प्रथिनं जवळपास नाहीतच. एका अंड्यात सहा ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात साडेसहाच्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

[बाटली परत हातात]

आता ही. फळांपासून बनलेल्या गोष्टींत खरंच काही सापडलंय का? हो, पण बहुतेक अख्ख्या फळात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी वर्षभर रोज ५० ग्रॅम प्रून, म्हणजे सुके आलुबुखार, खाल्ले. पाच-सहा नग. न खाणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता घटली, यांची टिकली. १०० ग्रॅमच्या गटातल्या मात्र कितीतरी जणी मध्येच गळाल्या. दोन नगांपासून सुरू करा, नाहीतर पोट बिघडेल. मधुमेह असेल तर ५० ग्रॅममधली १९ ग्रॅम साखर हिशेबात धरा. बद्धकोष्ठाला रोज दोन हिरवी किवी चाचण्यांत उपयोगी ठरली आहेत.

डाळिंबातल्या काही घटकांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन ए नावाचं द्रव्य बनवतात, सगळ्यांच्या पोटात ते बनत नाही. म्हणून त्याच्या गोळ्या निघाल्या. पासष्टीपुढच्यांच्या एका चाचणीत चार महिने रोज १००० मिलिग्रॅम दिल्यावर ठरावीक स्नायूंचा टिकाव वाढला, पण सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात खोट्या गोळीच्या तुलनेत लक्षणीय फरक आला नाही. एवढ्यावर पैसे घालवू नयेत, असं आमचं मत.

आणि काही गोष्टी उलट्या पडतात. वयस्कर पुरुषांच्या एका अभ्यासात सगळ्यांनी १२ आठवडे वजनी व्यायाम केले. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि २३५ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या घेणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं, म्हणजे स्नायू वगैरेंचं वजन कमी वाढलं. व्यायामाने पेशींवर जो ताण येतो, तोच स्नायूला वाढायचा निरोप असतो. मोठ्या डोसची अँटिऑक्सिडंट्स, म्हणजे हीच क आणि ई सारखी जीवनसत्त्वं, तो निरोप दाबत असावीत. संत्रं खा, त्याने असं होत नाही. वजन उतरवायच्या गोळ्यांत गार्सिनिया, म्हणजे कोकमाच्या कुळातल्या फळाचा अर्क, दिसलं तर ठेवून द्या, त्यामुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत.

ग्रेपफ्रूटचं प्रकरण वेगळं. ते आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतं, मग कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाचं फेलोडिपिन यांसारखी औषधं रक्तात जास्त उतरतात. सकाळी रस आणि रात्री गोळी, असं अंतर ठेवून भागत नाही, कारण नवं एन्झाइम तयार व्हायला दिवसाहून जास्त लागतो. पपनसही त्याच कुळातलं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर फळांचे दाट रस आणि चमच्याने घ्यायच्या पावडरी पोटॅशियम वाढवू शकतात आणि त्याचा फटका हृदयाच्या लयीला बसतो. बाटलीचं दुसरं काम हेच. लेबलचा फोटो काढा आणि गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

बी १२ फळांत नसतंच. मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताचं ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर त्याची रक्ततपासणी करून घ्या, फळांच्या कॅप्सूलवर विसंबू नका.

सवयींमध्ये एकच सांगते, कारण बाकीच्या त्यामागून येतात. व्यायामाची वेळ रोजच्या ठरलेल्या गोष्टीला बांधा. चहाचं आधण ठेवलं की टाचा, दुपारच्या बातम्यांआधी खुर्ची. नोकरीत घड्याळ दिवस चालवायचं, आता ते काम कुणीतरी करायला हवं.

मध्ये आजारपण आलं तर? निरोगी वयस्कर लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवून बघितलेल्या एका अभ्यासात पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. म्हणून ताप उतरला, खाणं सुरू झालं की पडून राहू नका. दर तासाला उठून खोलीत दोन फेऱ्या मारा. व्यायाम पूर्वीच्या निम्म्यावरून सुरू करा: पिशवी नको, खुर्चीवर उशी परत, एकच सेट, आठ वेळा. तीन दिवस नीट गेले की दुसरा सेट, आठवड्याने उशी काढायची.