टोपली रिकामी, खाडी भरलेली

नमस्कार श्रोतेहो.

आज तृतीया. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशोब तिथीवरून मांडतात. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोनला भरती आणि सहा तासांनी, सव्वाआठच्या सुमाराला ओहोटी. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर हटतं आणि रत्नागिरीजवळ, काजळी नदीच्या मुखाशी भाट्ये खाडीतली पुळण उघडी पडते. टोपल्या, कोयत्या घेऊन बायका तिसऱ्या, म्हणजे वाळूत राहणारे शिंपले, काढायला उतरतात.

ओल्या वाळूत दोन बारकी भोकं शेजारी शेजारी दिसली की खाली तिसरी आहे असं समजायचं. एका नळीने ती पाणी आत ओढते, दुसरीने बाहेर टाकते. खाणं आणि श्वास, दोन्ही त्यातच.

गेल्या कार्तिकात एक मावशी वैतागून म्हणाल्या, "औंदा खाडीत काय ऱ्हायलाच नाय." टोपलीचा तळही झाकला नव्हता. माझ्याकडे चहाची गाळणी होती. मूठभर वाळू तिच्यात घेऊन पाण्यात हलवली. खाली राहिल्या तांदळाच्या कणीएवढ्या तिसऱ्या, दोन्ही शिंपा मिटलेल्या, अगदी पूर्ण. मोजता मोजता मी नाद सोडला.

त्याचं असं आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आषाढात नदी फुगली की खाडीचं पाणी पार गोडं होतं. तिसरी शिंपा घट्ट मिटून बसते, साठवलेल्या अन्नावर काही दिवस ऑक्सिजनशिवायही काढते. पण गोडं पाणी हटलंच नाही, तर मरते. मग पुळणीवर उघड्या शिंपांचा खच पडतो. पाऊस सरला, खारटपणा परतला की उरलेल्या तिसऱ्या अंडी सोडतात. पिल्लं साधारण दोन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग वाळूत बसतात. म्हणजे संख्या सगळ्यात जास्त असते नेमकी टोपली रिकामी असते तेव्हा!

तिथून पुढे ती घटतच जाते. कुर्ल्या फोडतात, पक्षी टिपतात, एक गोगलगाय तर गिरमिटाने पाडावं तसं गोल भोक पाडून आतलं मांस खाते. ते भोकाचं शिंपलं मुलं दोऱ्यात ओवतात. वाचलेल्या मात्र वाढतात. म्हणून उन्हाळ्यात टोपली जड लागते आणि आपण म्हणतो, यंदा तिसऱ्या भरपूर. मोजायला गेलं तर तेव्हा त्या कमी असतात. एकशिपी, म्हणजे एका शिंपेसकट शिजवलेल्या तिसऱ्या, करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: अंडी सोडलेली तिसरी पाणचट लागते, भरलेली गोड.

केरळात अष्टमुडी सरोवरात अंड्यांच्या हंगामात, डिसेंबर ते फेब्रुवारी, तिसऱ्या काढणं बंद ठेवतात. तिथल्या मासेमारीला 2014 साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. आपल्याकडे नखाएवढ्या तिसऱ्याही बाजारात वाट्यावर दिसतात. मला ते बघवत नाही.

मावशींनी गाळणी डोळ्याजवळ धरून पाहिली. "ही आमची तिसरीच?" म्हणाल्या. मग गाळणी ओल्या वाळूवर पालथी केली. आम्ही वाकून बघत होतो. एकेका कणीतून पांढरा पाय बाहेर आला, कणी उभी राहिली आणि वाळूत शिरली.