पेन्सिलीनं काढलेली शंका

(गिरगावात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मित्रहो,

माझी ओळख आत्ता 'ज्येष्ठ संपादिका' अशी करून दिली गेली. ज्येष्ठ हे खरं, गुडघे साक्ष देतात. संपादिका मात्र मी फार उशिरा झाले. सुरुवात झाली ती मुद्रितशोधक म्हणून, इथून दोन गल्ल्या पलीकडे, एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर. खाली यंत्राची धडधड आणि वर आम्ही दोघं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून ताडत जायचं. विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची: तो म्हणाला स्वल्पविराम, दुहेरी अवतरण सुरू, येतो, पूर्णविराम, अवतरण बंद. घरी गेल्यावरही काही दिवस मी असंच बोलत होते. शेवटी आई वडिलांना म्हणाली, "हिला काहीतरी झालंय, पूर्णविराम."

माझ्यासोबत प्रुफं वाचायला जे काका बसत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. जुळाऱ्याची, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणाऱ्याची, चूक असेल तर लाल शाईनं खूण करायची. लेखकाचं काही खटकलं तर समासात बारीक अक्षरात, पेन्सिलीनं, शेवटी प्रश्नचिन्ह घालून लिहायचं. का, असं विचारलं तर म्हणाले, "अगं, त्यांना खोडता आलं पाहिजे." आज मी जे काही बोलणार आहे ते त्या पेन्सिलीबद्दल आहे.

संपादक म्हटलं की लोकांना आधी ऱ्हस्व-दीर्घ आठवतं. शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळानं केले, शासनानं १९६२ साली ते मान्य केले. तेव्हा ते चौदा होते, १९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा. ते पाठ असावेत. 'महत्त्व'मध्ये दोन त असतात हेही माहीत असावं. पण तेवढ्यासाठी संपादक लागत नाही. आज ना उद्या ते काम यंत्र करील, आणि करू दे बापडं. माझी त्याला ना नाही.

यंत्रांनी काय केलंय तेही पाहा मात्र. तुमच्यातल्या ज्यांनी 'श्रीलिपी' या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतात, आणलाय, त्यांना माझं दुःख कळेल. आपल्या मराठीत 'र'चं एक रूप आहे, आडव्या रेघेचं. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, आणि 'दर्या' म्हणजे हा आपला चौपाटीपलीकडचा. आचाऱ्याला दक्षिणा दिली तर स्वयंपाक चांगला होतो, आचार्याला दिली तर प्रवचन लांबतं. रूपांतरात ती आडवी रेघ उडते आणि 'करणाऱ्या'चं 'करणार्या' होतं. आता तर ते इतकं सर्रास झालंय की नव्या मुलांना 'करणाऱ्या' हेच चुकीचं वाटतं. 'ॲ' या अक्षराचं तर असं की युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण 'ॲ'ला स्वतःची जागा मिळायला २००८ साल उजाडलं. तोवर कोणी 'अ‍ॅ' दोन तुकडे जोडून लिहीत होतं, कोणी 'ऍ' लिहीत होतं. आजही एकाच पुस्तकात तिन्ही प्रकार सापडतात, आणि शोधायला गेलात तर 'ॲसिड' एका ठिकाणी मिळतं, दुसऱ्या ठिकाणी मिळत नाही. शब्द डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला वेगळा. हे नवं काम आहे. आमच्या काकांना ते ठाऊक नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या पराक्रमाबद्दल. एका कादंबरीचं ई-पुस्तक करायचं होतं. लेखकाच्या लिखाणात 'दर दिवशी', 'दर माणशी' असं फार यायचं. त्यांनाच ते शेवटी शेवटी खटकू लागलं, 'प्रत्येक' करा म्हणाले. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी 'दर' शोधायला सांगितलं, त्या जागी 'प्रत्येक' घालायला सांगितलं, 'सगळे बदला' दाबलं, फाइल वर चढवली आणि झोपले. सकाळी एका वाचकाचा फोन आला, अगदी नम्र आवाजात. "बाई, हे दाप्रत्येक स्टेशन कुठल्या लाइनीवर येतं?"

सगळीकडे तसंच झालं होतं. नायिका सुंप्रत्येक होती, दाप्रत्येकच्या पुलावर तिचा पप्रत्येक वाऱ्यानं उडत होता, आणि घरी येऊन तिनं प्रत्येकवाजा लावून घेतला होता. तुम्ही हसताय. मीही हसते आता.

ही चूक छापखान्यात झालीच नसती, असं म्हणायचा मला मोह होतो. तिथंही चुका होत, भरपूर होत. पण तिथं माझ्या आणि वाचकाच्या मध्ये जुळारी होता, पहिलं प्रूफ होतं, दुसरं होतं, पानं लावल्यावरचं प्रूफ होतं, मशिनवर जुळवलेल्या पानांचा फॉर्म चढवताना नजर टाकणारा मशिनमन होता. शिसं जड असतं, त्यामुळे सगळं सावकाश चालायचं. संपादक त्या सावकाशीत राहत होता. आता लिहिणं आणि प्रसिद्ध होणं यांत एका बोटाचं अंतर आहे. विरार लोकलमध्ये एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं माणूस लेख प्रसिद्ध करू शकतो, करतोही. मधली जागाच गेली. ती आता मुद्दाम करावी लागते. मी साधा नियम केला आहे: मजकूर तयार झाला की एक रात्र तो तसाच ठेवायचा आणि सकाळी दुसऱ्या माणसानं तो मोठ्यानं वाचायचा. पोटमाळ्यावरचीच पद्धत.

या मुंबईला ही सावकाशी चांगली ठाऊक होती. काळबादेवीला कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता. तिथली संस्कृत पुस्तकं शास्त्री-पंडित तपासत. काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेवशास्त्री पणशीकर ही नावं आज किती जणांना माहीत आहेत? पण संस्कृतचे जुने अभ्यासक अजूनही 'निर्णयसागरची प्रत आहे का' असं विचारतात. पुढं आपल्या गिरगावातल्याच खटाववाडीत 'मौज' प्रकाशन आणि त्यांचं 'सत्यकथा' मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेतली एकेक जागा दाखवत, कथा परत पाठवत, पुन्हा मागवत. लेखक वैतागत, आणि पुन्हा लिहीत.

इथं कोणीतरी मनात म्हणत असेल की बाई, हेच तर दरवान होते. बरोबर आहे. साठच्या दशकात याच मुंबईत लघुनियतकालिकं, म्हणजे स्वतःची छोटी मासिकं, काढणाऱ्या पोरांनी याच कारणासाठी दंगा केला, आणि तो व्हायलाच हवा होता. कुठली मराठी छापण्याजोगी, कुठलं जगणं साहित्यात येण्याजोगं, हे मोजकी माणसं ठरवत होती. मी स्वतः तरुणपणी एका कोळीवाड्यातल्या लेखकाच्या 'म्हावऱ्या'ची 'मासळी' केली आहे, सत्तावीस ठिकाणी, आणि वर उपकार केल्याच्या थाटात. ते पेनानं केलं होतं. काकांचं ऐकलं नव्हतं. आज कोणीही उठून कोणाच्याही परवानगीशिवाय आपल्या बोलीत लिहू शकतो, याचा मला आनंद आहे, आणि तो तोंडदेखला नाही.

पण ज्यांना दारं बंद होती त्यांनी काय केलं तेही पाहा. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' सुरू केलं, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'. दुसऱ्यांच्या पत्रात जागा नाही म्हणून स्वतःचं पत्र काढलं, आणि त्या पत्रालाही संपादक नेमला. 'मूकनायक'वर पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव होतं, 'बहिष्कृत भारत' बाबासाहेबांनी स्वतः संपादित केलं. लघुनियतकालिकंही कोणीतरी संपादितच करत होतं. भांडण कोण संपादक असावा याचं होतं.

आणखी एका गोष्टीची मला चुटपुट लागते, शुद्धिपत्राची. जुन्या पुस्तकांच्या शेवटी ते असायचं: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कधी घाईत चिकटवलेली वेगळी चिठ्ठी असायची. पोरवयात मला ते वाचायला कादंबरीपेक्षा मजा यायची. एवढी मोठी माणसं उघडपणे सांगताहेत की आम्ही एकशे बाराव्या पानावर चुकलो! आता चूक गुपचूप बदलते. सकाळी बातमीत एक आकडा असतो, दुपारी दुसरा, आणि सकाळी वाचलेल्याला वाटतं आपलीच दृष्टी गेली. मग कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असतो. दुरुस्ती होते, पण गावभर फिरते ती चूकच. मजकुराखाली एक ओळ घालायला काय हरकत आहे? अमुक तारखेला अमुक दुरुस्त केलं. त्याला कागदसुद्धा लागत नाही.

फोनवर फिरणाऱ्या मजकुराचं तर विचारू नका. गोड, ओलसर, जीवनावर भाष्य करणारं जे काही असेल ते पु. लं.च्या नावावर, थोडं जास्त ओलसर असेल तर व. पुं.च्या. माझा भाचा असलं काही पाठवतो, मी एवढंच लिहिते, "कुठल्या पुस्तकात?" गेल्या वर्षभरात त्यानं मला काही पाठवलेलं नाही.

हा प्रश्न विचारणं हेच माझं काम, आणि त्यानं कधी कधी काय होतं ते सांगून थांबते.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गिरणी कामगारांच्या आठवणींचं हस्तलिखित माझ्याकडे आलं. वह्यांत लिहिलेलं, अक्षर वळणदार. मुलाला ते ई-पुस्तक म्हणून काढायचं होतं, महिनाभरात. संपाच्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'रविवारी सकाळी भोंगा झाला नाही आणि मला कळलं, संप सुरू झाला.' गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. मी दिनदर्शिका काढून पाहिली, तो सोमवार होता. ('सत्यकथा' बंद पडली तीही त्याच वर्षी. योगायोग, दुसरं काही नाही.) मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, '१८ ला सोमवार. रविवार कसा?'

मुलगा म्हणाला, तुम्हीच सोमवार करून टाका. मी नाही केलं. वही परत पाठवली. आठ दिवसांनी ते स्वतः आले, लालबागहून, बस बदलून. म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण मला रविवारच आठवतोय. का आठवतोय ते मी शोधत बसलो." आणि नव्यानं लिहिलेली दोन पानं माझ्यासमोर ठेवली. रविवारी संध्याकाळी त्यांच्या आईनं त्यांचा जेवणाचा डबा घासला, पुसला, आणि रोजच्यासारखा ओट्यावर न ठेवता वरच्या फळीवर पालथा घातला. कोणी काही बोललं नाही. त्यांच्यासाठी संप तेव्हा सुरू झाला होता. डबा पुढं किती दिवस पालथा होता, फळीवर त्याची गोल खूण कशी उमटली, तेही होतं.

त्याच पानांवर खाली एक वाक्य होतं, 'त्या दिवसापासून घरात एकटी आईच कामावर होती.' मी सवयीनं पेन्सिल उचलली आणि लिहिलं, 'आई कुठे कामाला होत्या? आधी उल्लेख नाही.' त्यांनी ते वाचलं. माझ्या टेबलावरचं खोडरबर घेतलं, ती ओळ खोडली, वरचा चुरा फुंकला आणि वही माझ्याकडे सरकवली.

वाक्य तसंच छापलं आहे.