कुंडल रोडचे पहारेकरी

(दृश्य: स्टेशनची पाटी, मागे माळ)

पुणे-मिरज मार्गावर, सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागतं. १९१० साली याचं नाव होतं कुंडल रोड. भोवती निवडुंग, साप आणि ओसाड माळ.

बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर नवा कारखाना उभारायला इथे आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. सोबत जेमतेम पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं.

लक्ष्मणराव यंत्रातले दर्दी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवलं होतं. लोखंडी नांगर त्यांना बनवता येत होताच. पण लोखंड लागलं की जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. बनवलेले नांगर कितीतरी दिवस पडून राहिले. शेतकऱ्याच्या मनातली ती भीती कुठल्या लेथवर काढणार?

(दृश्य: नांगराचा फाळ, अगदी जवळून. धारेला चिकटलेली काळी माती)

कारखाना उभा करताना त्यांनी माणसं कशी निवडली, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यात सोडलेली. दुसऱ्या कुणी त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. लक्ष्मणरावांना त्यांच्यात कल्पक इंजिनियर दिसला, आणि फळणीकर तसे झालेही. थोरले भाऊ रामूअण्णा यांच्याकडे वसाहतीचा कारभार गेला: घरं, रस्ते, पाणी. नांगराच्या कारखान्याला या गोष्टी कशाला, असं वाटेल. पण माळावर बायकामुलांना घेऊन राहायला आलेल्या माणसाचं अर्धं लक्ष घरीच असतं.

आणि पहाऱ्यावर कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांची गुन्हेगार म्हणून ख्याती. त्या काळात जातीवरूनच माणसाला चोर ठरवत, तिथे लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती पहारा दिला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचा दंडक होता. इतका विश्वास टाकायला छाती लागते. ती तंत्रशाळेत शिकवत नाहीत, आणि ज्याच्यावर विश्वास टाकला जातो त्याला तो पगारापेक्षा जास्त जाणवतो.

(दृश्य: रात्र. कंदील हलतो, पावलं वाजतात)

आत भट्टी विझलेली. दिवसभर घाम गाळलेली घरं झोपली आहेत. बाहेर तुकाराम आणि पिऱ्या जागे आहेत.