ढेकूण झालेत? आधी मालकाला लेखी कळवा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात रेंट ॲग्रीमेंट करून द्यायचं काम करते, म्हणजे लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, साक्षीदारांचे अंगठे, झालं काम. एवढी वर्षं हे करतेय पण ॲग्रीमेंट करताना ढेकणांचा विषय कधी कुणी काढत नाही, आणि नंतर चार महिन्यांनी फोन येतो तो बऱ्याचदा ढेकणांचाच असतो. म्हणून आज त्याबद्दल बोलणार आहे.

मागच्या पावसाळ्यात नवी पेठेतली एक मुलगी आली होती माझ्याकडे, एमपीएससीचा अभ्यास करणारी, तिघींत एक खोली, कॉट आणि गाद्या मालकाच्याच. राहायला गेल्यावर आठवड्याभरात हातावर ओळीनं गांध्या उठायला लागल्या, तिला वाटलं डास असतील, मग एका रात्री लाईट लावला तर उशीच्या शिवणीत ढेकूण. आणि ही पोरगी दोन महिने कुणालाच बोलली नाही हो, रूममेटना पण नाही, कारण लाज. स्वतःच दुकानातून औषध आणून मारत राहिली, चादरी उकळत राहिली, आणि शेवटी सहन होईना तेव्हा मालकांना सांगितलं तर ते म्हणाले तुम्हीच आणलेत, आता पेस्ट कंट्रोलचे पैसे डिपॉझिटमधून कापणार. तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, ना फोटो ना मेसेज.

मला त्या लाजेचाच राग येतो. आपल्याकडे म्हणच आहे ना, ढेकणाच्या संगे हिरा भंगला, म्हणजे ढेकूण म्हटलं की माणूसच वाईट, घरच घाणेरडं. पण तसं नसतं. ढेकणाला कचरा नको असतो, त्याला रक्त लागतं आणि लपायला फट लागते, बस. तो बॅगेतून येतो, जुन्या फर्निचरमधून येतो, वायरच्या पाईपमधून शेजारच्या खोलीतून येतो. स्वच्छ घरात पण होतो. आणि चावा सगळ्यांना सारखा दिसत नाही, एकाच गादीवर झोपणाऱ्या नवराबायकोत एकाला गांध्या उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच नसतं, मग घरातच भांडण की तुला भास होतायत. ढेकणांमुळे रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाहीये हे खरं, पण झोप जाते, आणि परीक्षेच्या वर्षात झोप जाणं ही छोटी गोष्ट नाही.

आता कायदा. इथे जरा लक्ष देऊन ऐका कारण यात आपल्यातल्या बहुतेकांची गल्लत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 मध्ये लिहिलंय की उलट काही ठरलेलं नसेल तर जागा राहण्यासारखी दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम. तुम्ही नोटीस दिली आणि 15 दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही तर तुम्ही स्वतः करून घेऊन भाड्यातून कापू शकता, पण वर्षाला जेवढं भाडं देता त्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता यात ढेकूण हा शब्द कुठेच नाही. पण भिंतीच्या फटी, उखडलेलं प्लास्टर, दाराच्या चौकटीतल्या भेगा जिथे ढेकूण राहतात, त्या बुजवणं ही दुरुस्तीच आहे असं माझं ठाम मत आहे, नोटिशीत तेच लिहा.

पण हे कलम आहे भाडेकरूसाठी, म्हणजे मुंबईतल्या पागडीच्या चाळी वगैरे. आपण 11 महिन्यांचं जे करतो ते लिव्ह अँड लायसन्स, त्यात कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरूच नसतो, लायसेन्सी म्हणजे मालकाच्या परवानगीनं राहणारे असतो, आणि ते चालतं 1882 च्या ईझमेंट कायद्यावर. लोक हे ऐकून घाबरतात की म्हणजे आपल्याला काहीच हक्क नाही. आहे. त्याच कायद्याचं कलम 57 सांगतं की जागेत असा काही दोष असेल ज्यानं राहणाऱ्याच्या जिवाला किंवा सामानाला धोका होऊ शकतो, आणि तो मालकाला माहीत आहे पण आपल्याला नाही, तर मालकानं तो सांगितलाच पाहिजे. आधीचा भाडेकरू ढेकणांमुळेच सोडून गेला आणि मालक गप्प राहिला, तर माझ्या मते तो हे कर्तव्य चुकला. कोर्ट काय म्हणेल ते प्रत्येक केसवर आहे, पण बोलताना हे कलम तोंडात असलं की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. ज्यांची मुलं तिकडे न्यूयॉर्कला शिकतायत त्यांना सांगून ठेवा, तिथे 2010 पासून नवीन भाडेकरूला मागच्या एका वर्षाचा ढेकणांचा इतिहास लेखी द्यावा लागतो मालकाला. आपल्याकडे हे व्हायलाच हवं.

कुणी आणले हा वाद कसा सोडवायचा? अंड्यातून निघून ढेकूण मोठा व्हायला साधारण सव्वा-दीड महिना जातो, आणि मोठं होताना तो पाच वेळा कात टाकतो. मग राहायला जाऊन चार दिवस झालेत आणि कॉटच्या सांध्यात काळे डागच डाग, रिकाम्या काती, लहानमोठे सगळ्या आकाराचे ढेकूण सापडतायत तर ते तुमच्या बॅगेतून आलेले नाहीत, ती जुनी वस्ती आहे. म्हणून दिसला की पहिला फोटो, एखादा ढेकूण चिकटपट्टीत पकडून ठेवा, आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲप करा, साधं, "काका, आज खोलीत ढेकूण दिसले, फोटो पाठवतेय, पेस्ट कंट्रोल कधी करून देताय?" एवढंच. फोनवर बोललात तरी नंतर मेसेज टाका. उत्तर नाही आलं तर स्पीड पोस्टानं पत्र. आणि तक्रार केली म्हणून कुणी सामान बाहेर काढतो म्हणाला तर घाबरू नका, लायसन्सची मुदत संपल्यावरसुद्धा मालकाला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडेच, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडेच, जावं लागतं.

आपल्या बाजूनं पण करायचं असतं हं. कपाटं रिकामी करून देणं, कपडे गरम पाण्यात धुणं, रस्त्यावरची टाकलेली गादी उचलून न आणणं. मालकांनी पण एकदा फवारून मोकळं होऊ नये, फवाऱ्यानं अंडी बहुतेक वेळा मरत नाहीत, दोनेक आठवड्यांनी दुसरा हात मारावाच लागतो, आणि शेजारच्या खोल्या पण बघाव्या लागतात. परवाना असलेलाच माणूस बोलवा. आणि हात जोडून सांगते, धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, त्या घरात ठेवू नका, कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी नाही. त्यातून निघणाऱ्या गॅसनं झोपेत माणसं गेलीत, शेजारच्या घरातली सुद्धा. रॉकेल पण नको.

त्या मुलीचे कापलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. पण तिची नवी खोली बघायला मी सोबत गेले, टोकन द्यायच्या आधी मोबाईलचा टॉर्च लावून आम्ही दोघींनी गादीचे चारही कोपरे उचलून बघितले, कॉटचे सांधे बघितले, मालकीणबाई जरा बावचळल्या पण काही बोलल्या नाहीत. आणि ॲग्रीमेंटच्या इतर अटींमध्ये मी एक ओळ टाकली, आता सगळ्यांच्याच टाकते, तुम्हीही लिहून घ्या: "जागा ताब्यात देताना ढेकूण नाहीत असे मालक सांगतात, राहायला आल्यापासून 30 दिवसांत आढळल्यास पेस्ट कंट्रोलचा दोन्ही वेळचा खर्च मालक करतील." मालकीणबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि अंगठा दिला.