सुटका झाली, गोळ्या आतच राहिल्या

नमस्कार. मला विषय दिलाय जेलमधून सुटलेल्या मानसिक आजार असलेल्या लोकांचं पुनर्वसन, पण पुनर्वसन फार पुढची गोष्ट झाली हो, मी आज फक्त पहिल्या महिन्याबद्दल बोलणार आहे, कारण माणूस हातातून निसटतो तो तेव्हाच.

पुण्यात आपल्याला वाटतं सगळं हाताशी आहे. येरवड्यात सेंट्रल जेल, तिथून जवळच प्रादेशिक मनोरुग्णालय. पण अंतर कमी म्हणून माणूस आपोआप तिथे पोचत नाही, त्याला कुणीतरी पोचवावं लागतं, आणि ते काम नेमकं कुणाचं हेच ठरलेलं नसतं.

आपल्या देशात जेलमधल्या चार जणांपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी असतात, म्हणजे खटला अजून चालूच आहे. पक्क्या कैद्याची सुटकेची तारीख आधी माहीत असते, तयारी करता येते. कच्च्याचं तसं नाही, जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून तो आतच अडकून राहतो आणि मग एक दिवस कागद पोचला की थेट गेटबाहेर. आत असताना कुणीतरी समोर उभं राहून गोळी घ्यायला लावत होतं. बाहेर येताना पिशवीत काय, तर कपडे, कोर्टाचे कागद, बंद पडलेला मोबाईल. गोळ्यांची चिठ्ठी बहुतेक वेळा नसतेच. एक आई मुलाला घेऊन आलेली, मी विचारलं कुठलं औषध चालू होतं, तर म्हणाली, "ताई, एक पांढरी आणि एक गुलाबी, गुलाबी अर्धी." आता यावरून कुठला डॉक्टर काय लिहून देणार?

आणि ही औषधं तापाच्या गोळीसारखी नाहीत. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घ्या उदाहरणाला, दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस तसाच पुन्हा सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून परत हळूहळू चढवावा लागतो, रक्त तपासत राहावं लागतं. महिन्याचं इंजेक्शन असेल तर शेवटचं कधी टोचलं ती तारीख लागते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुटलेला माणूस सोमवारी ओपीडीच्या लाईनीत उभा राहीपर्यंत खंड पडलेला असतो, आणि त्यात आधार कार्ड घरी सापडत नाही, केसपेपरवर पत्ता काय घालायचा ते कळत नाही, मग तो लाईन सोडून निघून जातो.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यात मृत्यूचा धोका तिथल्या इतर लोकांच्या जवळजवळ तेरा पट होता, आणि सगळ्यात मोठं कारण ड्रग्जचा ओव्हरडोस. तो अभ्यास सगळ्याच कैद्यांचा होता, तिथली परिस्थितीही वेगळी, पण पहिले दोन आठवडे किती नाजूक असतात ते त्यातून दिसतं.

आपल्याकडे अजून एक गोष्ट होते आणि ती मला फार लागते. गोळी सुटली की झोप जाते, आवाज परत यायला लागतात, त्या गडबडीत कोर्टाची तारीख चुकते, वॉरंट निघतं, पोलीस घेऊन जातात आणि माणूस परत आत. नवा गुन्हा काही नाही. फक्त तारीख चुकली.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा चांगला आहे, मी मनापासून म्हणते. कलम ९८ सांगतं की डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांनी पेशंटशी, घरच्यांशी बोलून पुढच्या उपचारांचं ठरवायचं. पण हे मानसिक आरोग्य संस्थेतून सुटणाऱ्यांसाठी. बराकीत राहून गोळ्या घेणाऱ्याचं काय? आणि कलम १०३ नीट वाचा. जेलच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी बोर्डाला, म्हणजे याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, लिहून द्यायचं की आमच्याकडे मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही. अहो, जे नाहीत असंच कागदावर लिहायचंय, त्यांच्या सुटकेची तयारी कोण करणार!

आसामचे मचल लालुंग आठवा. १९५१ साली पकडलेले, मग मनोरुग्णालयात ठेवलेले, मनोरुग्णालयाने १९६७ मध्ये बरे झाले म्हणून कळवलं, तरी घरी न पाठवता जेलमध्ये पाठवले, आणि सुटले २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं. खटला चाललाच नाही. माणसाच्या मागे विचारणारं कुणी नसलं की असं होतं.

घर, नोकरी यावर थोडक्यात. भाड्याची खोली म्हटली की पोलीस व्हेरिफिकेशन, सिक्युरिटीची नोकरी म्हटली की चारित्र्याचा दाखला, आणि जेल व आजार दोन्ही शिक्के एकाच माणसावर. घरचे थकलेले असतात, त्यांना दोष देऊ नका. घरच्यांनी नाकारलं म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही असं कलम १९ म्हणतं, हाफवे होमसारखी, म्हणजे इस्पितळ आणि घर यांच्या मधली राहायची सोय सरकारने करायची असंही कायदा म्हणतो, पण अशा जागा अगदीच तुटपुंज्या आहेत, त्या वाढवून मागायलाच हव्यात.

तोवर आपण काय करायचं? नातेवाईक आत असेल तर मुलाकतीला जाल तेव्हाच निदान, औषधांची नावं, डोस, शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून मागा, सुटकेची वाट बघू नका. वकील नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा हक्क आहे. रात्री-अपरात्री काही सुचेना झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि इथे बसलेल्यांपैकी ज्यांना महिन्यातून एक सकाळ काढता येईल त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहा, तारखेच्या दिवशी कोर्टात सोबत जायला माणसं कमी पडतायत.