मूल सांभाळणाऱ्या ताईंचा पगार ठरवताना

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचं आहे पैशांबद्दल. घरी येऊन आपलं मूल सांभाळणाऱ्या ताईंना पगार किती द्यायचा? बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर एकाच रीतीनं शोधलं जातं. शेजारी किती देतात, ऑफिसातल्या मैत्रिणीकडे काय दर चाललाय, याची चौकशी करायची, त्यातला त्यात कमी आकडा मनात धरायचा आणि बोलणी सुरू करायची. मला ही रीत मुळातच चुकीची वाटते. शेजारच्या ताई किती तास थांबतात, त्यांच्याकडे एक मूल आहे की दोन, बाळ तान्हं आहे की शाळेत जाणारं, रात्री थांबावं लागतं का, यातलं काहीच त्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून आधी तास मोजा. कागद-पेन घेऊन बसा आणि तुम्ही घरातून निघता ती वेळ आणि परत येता ती वेळ लिहा. समजा ताई सकाळी ८ ला येतात आणि संध्याकाळी ६ ला जातात. दिवसाचे १० तास झाले. आठवड्यातून ६ दिवस धरले तर ६० तास. महिन्यात सरासरी चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवस येतात, म्हणजे महिन्याला साधारण २६० तास होतात. आता दुसरं घर घ्या. तिथे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ५ दिवस काम आहे. महिन्याचे तास होतात १७३ च्या आसपास. दोन्हीकडच्या ताई पूर्ण वेळ कामाला आहेत असंच आपण म्हणतो, पण पहिल्या ताई दुसरीच्या दीडपट राबतात. दोघींना महिन्याला सारखाच पगार मिळत असेल, तर पहिलीला एका तासाचे दोन-तृतीयांशच पैसे मिळताहेत. पगार महिन्याच्या आकड्यात बोलला, की हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तास हातात आले की तासाचा दर ठरवायचा. तुम्ही राहता तिथे कायद्यानं किमान वेतन ठरवलेलं असेल, तर त्याच्या खाली जायचंच नाही. पण ते किमान आहे, तिथून पुढे मोजायला सुरुवात करायची. सहा महिन्यांचं बाळ एकटीनं सांभाळणं हे जोखमीचं काम आहे. बाळाच्या घशात काही अडकलं, ताप एकदम चढला, तर पहिली पाच मिनिटं त्या एकट्याच घरात असतात. अनुभव असेल, प्रथमोपचार येत असतील, जुळी मुलं असतील, मुलाला विशेष काळजीची गरज असेल, तर दर चढाच हवा. दुसरं मूल झाल्यावर ‘एकाला सांभाळतातच, दुसऱ्याला किती ते काम’ असं म्हणून जुनाच पगार चालू ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. दुसऱ्या बाळाबरोबर पगार वाढलाच पाहिजे.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की पाळणाघर यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. बरोबर आहे, पडतंच. पाळणाघरात एक बाई तीन-चार तान्ही बाळं सांभाळते आणि तिचा पगार तेवढ्या घरांत वाटला जातो. तुमच्या घरी मात्र एका मोठ्या माणसाचा अख्खा दिवस एका मुलासाठी राखून ठेवलेला असतो. त्या वेळेत त्या दुसरीकडे चार पैसे कमावू शकत नाहीत. त्यांचं घरभाडं, त्यांच्या मुलांच्या शाळेची फी, औषधपाणी, सगळं तुम्ही द्याल त्या पगारावर चालतं. तुमच्या पगारातला मोठा वाटा त्यांच्याकडे जाणार, ही तयारी मनाशी ठेवूनच हा विचार करायला हवा.

सगळ्यात जास्त वाद होतो तो बाळ झोपलेलं असतं त्या वेळेवरून. दुपारी दोन तास बाळ झोपतं, तेव्हा त्या बसूनच असतात, मग त्याचे पैसे कशाचे? जरा डोळ्यांसमोर आणा ते दोन तास. बाटल्या उकळून ठेवायच्या, दुपट्यांच्या घड्या घालायच्या, आणि हे करताना कान सतत पाळण्याकडे. डुलकी घेता येत नाही, खाली जाऊन स्वतःचं काही काम उरकून येता येत नाही. बाळ वीस मिनिटांतच उठलं तर हातातला घास तसाच टाकून धावायचं. ती वेळ त्यांची स्वतःची नाही, तुमची आहे. कामगारांच्या हक्कांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी एक करार मंजूर केला, १८९ क्रमांकाचा. हाक आली तर धावता यावं म्हणून कामगाराला घरात अडकून राहावं लागत असेल, तर तो वेळही देशोदेशीच्या कायद्यांत ठरेल त्या प्रमाणात कामाचा वेळ धरावा, असं त्यात सांगितलं आहे. आठवड्यातून सलग २४ तास तरी सुट्टी मिळाली पाहिजे, हेही त्यातच आहे. तुमच्या देशानं तो करार स्वीकारला असो वा नसो, घरचा व्यवहार ठरवताना तो समोर ठेवायला हरकत कसली?

दुसरी गोष्ट उशिराची. सहाला येतो म्हणायचं आणि घरात पाऊल टाकायचं पावणेसातला. मीटिंग लांबली, ट्रॅफिक होता, कारणं खरीच असतात. पण रोजचा पाऊण तास म्हणजे आठवड्याच्या ६ दिवसांत साडेचार तास होतात आणि महिन्याला जवळजवळ २० तास. म्हणजे दोन पूर्ण दिवसांचं काम फुकट. शिवाय त्यांची ठरलेली बस चुकते आणि त्यांच्या घरी त्यांचं स्वतःचं मूल वाट बघत असतं. जास्तीच्या वेळाचा दर आधीच ठरवून ठेवा, आणि तो नेहमीच्या दरापेक्षा जास्त ठेवा. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम जात असेल तर वरच्या तासांना किमान सव्वापट दर, हे कारखान्यांसाठी १९१९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारातच ठरलं होतं. शंभर वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कामगारांसाठी जे मान्य झालं, ते आपल्या मुलांना सांभाळणाऱ्यांना नाकारायचं, हे मला पटत नाही.

चोवीस तास घरी राहणाऱ्या ताईंचा हिशोब आणखी जपून करायला हवा. राहायला-जेवायला आहे, मग पगार कमी चालेल, असं सर्रास बोललं जातं. पण त्या तुमच्या घरी राहतात ते तुमच्या सोयीसाठी. तुम्हीच राहायला लावलं असेल, तर त्या जागेचे पैसे त्यांच्या संमतीशिवाय पगारातून कापू नयेत, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ सालच्याच शिफारशीत म्हटलं आहे. रात्री बाळ तीनदा उठतं आणि तिन्ही वेळा त्या उठतात, तर रात्रीचे पैसे वेगळे द्यायला हवेत. पाहिजे तर रात्रीच्या कामाचा एक ठराविक भत्ता ठेवा, पण तो तोंडानं स्पष्ट बोला. आणि कुणाचा पासपोर्ट, कुणाची ओळखपत्रं आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवायची नाहीत. तसं करणं अन्यायाचं आहे, त्यात तडजोड नाही.

आता सुट्ट्यांचं. तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात आणि परत आल्यावर त्या पंधरा दिवसांचे खाडे म्हणून पैसे कापलेत, तर त्यांनी काय करायचं? त्या कामाला यायला तयार होत्या, तुम्हीच घरात नव्हतात. त्या दिवसांचा पूर्ण पगार द्यायचा. त्यांच्या आजारपणासाठी वर्षाला ठराविक पगारी रजा द्यायची. तापानं फणफणलेल्या माणसानं बाळाजवळ यावं असं कुणालाच वाटत नाही, पण खाडा कापला जाईल या भीतीनं त्या येतात. अचानक नड निघाली तर थोडी उचल देण्याची तयारी ठेवा, आणि ती कशी वळती करायची हे तेव्हाच ठरवून टाका. हे सगळं एका कागदावर साध्या भाषेत लिहा, दोघांनी सह्या करा, एक प्रत त्यांना द्या. त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. पगार ठरलेल्या तारखेलाच द्या.

आणि परवडतच नसेल तर? हा प्रश्न खरा आहे, पुष्कळ जोडप्यांचा आहे, आणि त्यांची मला काळजी वाटते. माझं उत्तर एकच: तास कमी करा, दर कमी करू नका. घरातल्या कुणाला दोन तास सांभाळता येत असेल तर बघा, अर्धा दिवस पाळणाघर बघा. दोन घरांनी मिळून एक ताई ठेवणं हाही चांगला उपाय आहे. एका घरात दोन्ही मुलं, आळीपाळीनं. पण इथे पुन्हा हिशोब सरळ ठेवा. एका मुलासाठी तासाचे १०० पडत असतील, तर दोन्ही घरांनी ५०-५० देऊन मोकळं होणं बरोबर नाही. मुलं दोन झाली, जबाबदारी वाढली. दोन्ही घरांनी ६५ ते ७० दिले तर प्रत्येक घराचे तीसेक वाचतात आणि ताईंच्या हातात १३० ते १४० पडतात. यात सगळ्यांचाच फायदा आहे.

ताई अगदी घरच्यासारख्या आहेत, पोराला त्यांचा लळा आहे, त्यांचाही पोरावर जीव आहे, असं तुम्ही म्हणाल. असू दे, फार चांगली गोष्ट आहे. पण त्या मायेचा हिशोब पगारात धरू नका. वर्ष झालं की त्यांनी मागायची वाट न बघता पगारवाढ द्या. महागाई जेवढी वाढली त्याच्या खाली ती नको, नाहीतर हातात आकडा वाढतो आणि घरखर्चाला पैसे कमीच पडतात.

शेवटी एक दिवस मूल शाळेत जाऊ लागतं आणि काम संपतं. हे तुम्हाला काही महिने आधीच माहीत असतं, मग त्यांनाही तेव्हाच सांगा. किमान महिनाभराची नोटीस द्या. काम अचानक थांबवावं लागलंच, तर नोटिशीच्या त्या महिन्याचा पगार द्या. राहिलेल्या रजेचे पैसे, जास्तीच्या तासांचे पैसे, सगळा हिशोब शेवटच्या दिवशीच चुकता करा. पुढचं काम शोधायला त्यांना उपयोगी पडेल असं एक पत्र लिहून द्या: किती वर्षं होत्या, किती वयाचं मूल सांभाळलं, काय काय येतं. तुमचा फोन नंबरही त्यावर घाला, म्हणजे दुसऱ्या घरानं विचारलं तर तुम्ही स्वतः सांगू शकाल.

नमस्कार.