नागपूरला बिनकामाचं जाऊन पाहा

नमस्कार मंडळी. शेतातून घरी आले असाल, चुलीवर काही शिजत असेल तर शिजू द्या, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा. मी काही भाषण देणारी बाई नाही, पण या लोकांनी म्हटलं ताई तुमचं माहेर नागपूर, तुम्ही बोला, तर बोलून घेते.

माझं माहेर इतवारीतलं आणि सासर इकडं भिवापूरच्या बाजूला, मिरचीच्या मुलखात. आता मला एक सांगा, आपल्या गावातले लोक नागपूरला केव्हा जातात? कोणाला मेडिकलमध्ये भरती केलं तेव्हा, कोर्टाची तारीख असली तेव्हा, नाहीतर पोराची अ‍ॅडमिशन. नागपूर म्हटलं की डोळ्यासमोर रांगच येते आणि पिशवीतला डबा. काम झालं की मिळेल ती एसटी पकडून परत. मी तिथंच वाढलेली, तरी माझंही तेच चाललं होतं, आई गेल्यावर तर जास्तच. मग दोन-तीन वर्षांपूर्वी ठरवलं की वर्षातून तीन-चार वेळा काही काम नसताना जायचं आणि सासूबाईंना संगं न्यायचं. त्यांचं वय पंचाहत्तरच्या वर, म्हणजे एसटी फुकट, माझं बाई म्हणून अर्धं तिकीट, आता याच्याहून स्वस्त टूर कोणती कंपनी देते?

आधी आपली छोट्या रुळांवरची रेल्वेगाडी होती, इतवारी ते नागभीड, उमरेड-भिवापूर करत जायची, इतकी आरामात की खिडकीतून शेतातल्या माणसाशी बोलणं पूर्ण व्हायचं. २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद केली, ब्रॉडगेज करायला. गाडी गेली पण त्याच वर्षी तिकडं मेट्रो सुरू झाली, नशीब पाहा कोणाचं कसं. आता वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. मी शाळेत होती तेव्हा आम्ही बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, सायकलनं जायचो, तिथं आज मी मान वर करून स्वतःच्याच शहरात पत्ता विचारून राहिली.

सासूबाईंना पहिल्यांदा मेट्रोत नेलं तेव्हा त्या सरकत्या जिन्यासमोर थांबल्या, चपला काढल्या, एकात एक घालून हातात धरल्या. मी म्हटलं हे काय, तर म्हणे चप्पल अडकंल न माय. मागं एवढी गर्दी, लोक घाईत, मी शरमेनं अर्धी झाली, पण एका कॉलेजच्या पोरीनं काही न बोलता त्यांचा हात धरला आणि वर नेऊन सोडलं. वर गेल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि डब्यात बसल्यावर खिडकीतून बाहेर पाहून पहिलं वाक्य काय, तर "अवं, इथं तं आपल्यापेक्षा जास्त झाडं हायेत." सिव्हिल लाइन्सकडचा भाग होता तो, खरंच जंगलासारखा दिसतो वरून. खाली रस्त्यावरून फिरलं तर हे कधी समजतच नाही.

बागांचं म्हणाल तर महाराजबागेपासून सुरू करा. भोसल्यांची बाग ही, आता कृषी विद्यापीठाकडे आहे, अकोल्याचं आपलं पंजाबराव देशमुख. म्हणजे ज्या पीकेव्हीचं बियाणं आपण पेरतो तेच लोक तिथं वाघ-बिबटे सांभाळून राहिले, हे ऐकून आमच्या घरचे इतके हसले. लहानपणी मला ती बाग केवढी मोठी वाटायची, आता पाहिलं तर एका चकरेत संपते. जनावरं मोकळी पाहायची असतील तर गोरेवाड्याची सफारी आहे, २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, पण पोरं संगं असतील तर दिवस त्यातच जातो हे आधीच सांगून ठेवते. अजब बंगला मात्र चुकवू नका, म्हणजे म्युझियम, १८६३ चं, पण रिक्षावाल्याला अजब बंगलाच सांगायचं. आणि बर्डीचा किल्ला, जो बर्डीतून रोज दिसतो आणि आत कोणी सोडत नाही, तो मिलिटरीच्या ताब्यात आहे, पण १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे ला लोकांसाठी उघडतात.

अंबाझरीला गेलो तेव्हा मात्र जरा मन लागलं नाही. शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला तलाव, आम्ही पोरी तिथं डबे घेऊन सहलीला जायचो. तो २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ओसंडून वाहिला, आणि खालच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. आमच्या एका नातेवाइकांचं घर त्यात होतं. पुराची भीती आपल्याला, नदीकाठच्या लोकांना, सिमेंटच्या शहरात नाही असं समजायचो आपण. त्यांच्या घरात अजून भिंतीवर ती रेघ आहे, वरून रंग मारला तरी दिसते, आणि वहिनी चहा देताना पाठ तिकडंच करून बसते.

कार्यक्रमांबद्दल माझी एक तक्रार आहे ती बोलूनच टाकते. हिवाळ्यात नागपुरात काय नसते, डिसेंबरात अधिवेशन असते, मोर्चे असतात, आणि देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, मोठमोठी मैदानं, सगळीकडं गाणं-नाटक सुरू. पण ते संपते रात्री, आणि गावाकडची शेवटची एसटी त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली. म्हणजे पोस्टर आपण पाहायचं आणि कार्यक्रम त्यांनी. एकदा आम्ही माहेरी मुक्काम करून एका मोठ्या कार्यक्रमाला गेलो, कोणाचा ते सांगत नाही, पास होते तरी इतकं मागं बसवलं की गाणारी बाई आम्ही पडद्यावरच पाहिली. दुसऱ्या वेळी नाटक पाहिलं, चांगलं होतं, पण अडीच तासांत पडदा पडला तर सासूबाई उठेचनात, त्यांना वाटलं हा इंटरवल. बरोबर आहे ना बाप्पा, आपल्या झाडीपट्टीत, या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात, नाटक रात्री दहाला सुरू होते आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर लोक घोंगडी झटकून घरी जातात. "एवढंच?" म्हणाल्या. मग कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊ घातले तेव्हा कुठं राग गेला.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर तर आपल्या गावातून दरवर्षी लोक जातातच, त्यांना मी काय सांगणार. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा घेतली ती जागा. पण जे कधी गेले नाहीत त्यांना सांगते, एकदा जा आणि फक्त पुस्तकांच्या दुकानांसमोर उभे राहून पाहा. जत्रेत लोक बांगड्या, फुगे घेतात ना, तसे इथं बाया-माणसं पुस्तकं घेऊन राहिले, पिशव्या भरभरून. आमच्या शेजारचे काकाजी, हातावर पोट असलेला माणूस, दरवर्षी एक पुस्तक आणि एक कॅलेंडर आणतात, पुस्तक नातीकडून मोठ्यानं वाचून घेतात. भिंतीपलीकडून मीही ऐकते, तेवढाच माझा फायदा.

आता मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीनं निघणारा बाईचा मोठ्ठा पुतळा. हिच्यासाठीच मी खरं तर रेडिओवर यायला तयार झाली.

आपल्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय करतो, पहाटे दाराशी लावलेले पळसाचे मेढे उपटायचे, शिवेबाहेर नेऊन टाकायचे, आणि बोंबलायचं, इडापिडा, रोगराई, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत. मागच्या वर्षी ते सगळं करून आम्ही सासू-सून पहिल्या एसटीनं नागपूरला. इतवारीत पाय ठेवायला जागा नाही, गच्चीवर माणसं, पोट्टे दुकानांच्या पाट्यांवर चढलेले. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, म्हणजे या रस्त्यांवर काय काय उगवलं आणि काय पाडलं तरी ह्या दोघी आपल्या वेळेवर निघून राहिल्या. काळी म्हणजे भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईचा निषेध, ती इंग्रजांना मिळाली म्हणून, असं माझे आजोबा सांगायचे. या दोन मारबतींच्या मागं बडगे, बांबू-कागदाचे पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा, गळ्यात पाट्या, आणि पाट्यांवरचं सगळं काही मी रेडिओवर वाचून दाखवू शकत नाही.

नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गळाभेट होते. तिथं पिवळी मारबत आमच्या अगदी समोरून गेली, घराएवढी उंच, मोठ्ठे डोळे. सासूबाई तिच्याकडं पाहतच राहिल्या, मग माझा दंड गच्च धरून म्हणतात, "अवं, हिले तं आपण सकाळीच हाकललं ना शिवेबाहीर! हे इथं येऊन बसली व्हय!" बाजूचे चार अनोळखी लोक पोट धरून हसले. आणि मग ही पंचाहत्तरीची बाई गर्दीत अशी ओरडली, घेऊन जा गे मारबत, की समोरचा ढोलवाला वळून पाहायला लागला. गावात ओरडायला घर चाळीस, इथं लाखभर लोक संगं ओरडून राहिले.

पण आम्हाला थांबता येत नव्हतं, त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी नंदी घेऊन पोरांचा पोळा, नातवाच्या लाकडी नंदीचं चाक तुटलेलं, नवा घेतल्याशिवाय घरात घेणार नाही म्हणाला होता. इतवारीत घासाघीस करून एक घेतला, शिंगांना बेगड लावलेला. एसटीत चढलो तर उभं राहायलाही मुश्कील, कोणीतरी सासूबाईंना जागा दिली आणि त्यांनी नंदी मांडीवर घेतला. कंडक्टर आला, आधार कार्ड पाहिलं, त्यांचं झिरो तिकीट फाडलं, माझं अर्धं, मग नंदीकडं बोट करून विचारते, "आजी, याचं काय करू?"

सासूबाई म्हणाल्या, "लहान हाय तो. मांडीवरच बसून राहिला ना."